आपले बोलणे दुसऱ्याच्या तोंडी देताना
(डच किंवा हिब्रू दुभाषा हवा असेल तर काय पाहाल?)

मुलगी परदेशी असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी परदेश म्हटला की इंग्लंड-अमेरिका, आणि तिथे इंग्रजीवर निभावून जायचे. आता मात्र जावयाची नोकरी आइंडहोव्हनला असते, भाचीचे बिऱ्हाड आमस्टेल्वेनला असते. रायगड-ठाण्याकडच्या बेने इस्रायली कुटुंबांचे नातेवाईक तर १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले आणि लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा या गावांत स्थिरावले. घरातल्या वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या कामासाठीही भारतातून कितीतरी बायका इस्रायलला जातात. नमस्कार-चमत्कार, बाजारहाट इंग्रजीवर होऊन जाते हो! पण जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, दवाखाना, नोकरीचा करार, कोर्टकचेरी अशी वेळ आली की डच किंवा हिब्रू जाणणारे माणूस लागते. आणि तेव्हा आपण काय करतो? “ओळखीत कुणी आहे का ग?” म्हणून विचारत सुटतो.

मैत्रिणींनो, ओळखीचे माणूस शोधण्यात गैर काही नाही. पण साडीला फॉल लावून घेताना जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी तरी इथे करायला हवी. कारण दुभाषा म्हणजे तेवढ्या वेळापुरते आपले तोंड. ते कुणाच्या स्वाधीन करायचे हे आपणच ठरवले पाहिजे.

भाषांतरकार वेगळा, दुभाषा वेगळा

लेखी कागदाचे भाषांतर करतो तो भाषांतरकार, आणि समोरासमोर बोलणे या भाषेतून त्या भाषेत सांगतो तो दुभाषा. डचमध्ये पहिल्याला ‘फरतालर’ आणि दुसऱ्याला ‘तोल्क’ म्हणतात. हिब्रूत भाषांतराला ‘तर्गूम’ म्हणतात. आपण बोलण्यात ‘तर्जुमा’ म्हणतो ना, तो शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि तो याच घराण्यातला!

दोन्ही कामे एकालाच चांगली जमतील असे नाही. लेखी काम करणाऱ्याला शब्दकोश उघडायला, विचार करायला सवड असते. दुभाष्याला तिथल्या तिथे बोलावे लागते. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी एका कागदावर लिहा : काम लेखी आहे की तोंडी? कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत? आणि कोणत्या कचेरीसाठी? एवढे लिहिले की निम्मे काम झाले.

भाषा सांगतानाही स्पष्ट सांगा. “इंडियन दुभाषा हवा” असे म्हटले तर हॉलंडमध्ये हिंदी बोलणारे माणूस पाठवतील, किंवा सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी कुटुंबातले. त्यांचे पूर्वज १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून सुरिनामला गेले. त्यांची सरनामी बोली गोड आहे, पण कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या आजींना ती कळेलच असे नाही. ‘मराठी’ हाच शब्द वापरा. मराठी मिळत नसेल तर हिंदी चालेल की इंग्रजी, हे आपण सांगायचे. त्यांना ठरवू द्यायचे नाही.

शब्दाशब्दांतली खोच

“मोबाईल आहे की! फोटो काढला की भाषांतर समोर येते,” असे घरातली मुले म्हणतील. दुकानात पिठाचे पाकीट वाचायला ते छानच आहे. पण या दोन भाषांत काही खोचा अशा आहेत, की जाणते माणूसच हवे.

डचमध्ये ‘हाल्फ द्री’, म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणतात तेव्हा साडेतीन वाजलेले नसतात, तर अडीच! इंग्रजीच्या सवयीने ‘साडेतीन’ समजून डॉक्टरांकडे गेलात तर वेळ टळून गेलेली असते. तिथे आकड्यातला स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश, आणि हजारासाठी टिंब. कागदावर २,५ लिहिले असेल तर ते अडीच, १.५०० लिहिले असेल तर दीड हजार. औषधाच्या मात्रेत किंवा घरभाड्याच्या करारात हे उलटे वाचले गेले तर काय होईल ते सांगायला नको. बाकी गंमत अशी, की पंचवीसला डच माणूस ‘पाच आणि वीस’ म्हणतो, म्हणजे अगदी आपल्यासारखेच आधी पाच, मग वीस. तिथे इंग्रजीवाला अडखळेल, आपण नाही.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि रोजच्या लिखाणात बरेचसे स्वर लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. याचा एक जगप्रसिद्ध नमुना रोममध्ये आहे. मायकेलँजेलोने घडवलेल्या मोझेसच्या पुतळ्याला डोक्यावर चक्क दोन शिंगे आहेत! मूळ हिब्रूत मोझेसचा चेहरा ‘तेजाळला’ अशा अर्थाचा शब्द आहे. त्याच अक्षरांचा स्वर बदलला तर ‘शिंग’ होते. चौथ्या-पाचव्या शतकात संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतरात शिंगांचा अर्थ घेतला, आणि पुढे हजार वर्षांनंतरही शिल्पकार शिंगेच कोरत होते. गंमत म्हणजे याच जेरोम यांच्या नावाचा दिवस, ३० सप्टेंबर, जगभर भाषांतर दिन म्हणून पाळतात. एवढ्या मोठ्या विद्वानाच्या हातून हे होते, तर आपल्या आडनावाचे काय होईल? म्हणून हिब्रूचे काम देताना सगळी नावे पासपोर्टाप्रमाणे इंग्रजीत आणि शेजारी मराठीत लिहून द्या, उच्चारही सांगा.

हिब्रूची आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच कळेल. आपण ‘मी जातो’, ‘मी जाते’ असा भेद करतो. हिब्रूतही पुरुष ‘अनी होलेख’ म्हणतो आणि बाई ‘अनी होलेखेत’. इंग्रजीत हा भेद नाही. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिब्रूत असा दोन उड्यांचा प्रवास झाला, की बाईचा जबाब पुरुषाचा होऊन बसतो. मध्ये इंग्रजी घ्यावीच लागली तर बोलणारी बाई आहे की पुरुष, हे भाषांतरकाराला आवर्जून कळवावे.

हॉलंडची रीत : शपथ घेतलेला भाषांतरकार

नेदरलँड्समध्ये सरकारदरबारी चालणारे भाषांतर ‘बेएडिख्त’ म्हणजे शपथबद्ध भाषांतरकाराचे लागते. यासाठी त्यांचा २००७ चा कायदा आहे, तो १ जानेवारी २००९ पासून अमलात आला. या माणसांनी न्यायालयात शपथ घेतलेली असते, त्यांच्यावर गुप्ततेचे बंधन असते, आणि त्यांची नावे एका सरकारी नोंदवहीत असतात. तिला थोडक्यात ‘आर-बी-टी-व्ही’ म्हणतात. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. भाषा निवडली की नावे समोर येतात. तिथल्या दुभाषे-भाषांतरकारांची ‘एन-जी-टी-व्ही’ नावाची संघटनाही आहे.

एक बारकावा ध्यानात ठेवा. शपथ भाषेच्या दिशेसह असते. इंग्रजीतून डचमध्ये करणाऱ्याला डचमधून इंग्रजीत करण्याचा अधिकार असेलच असे नाही. आणि कागद बेल्जियमला, म्हणजे अँटवर्पकडे जायचा असेल, तर भाषा डचच असली तरी देश वेगळा. त्यांची शपथबद्धांची यादीही वेगळी.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. तिथल्या नगरपालिकेला डचखेरीज इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन कागद चालतात. महाराष्ट्रातले नव्या पद्धतीचे जन्माचे व विवाहाचे दाखले बहुधा मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात. जुना, हाताने लिहिलेला मराठी दाखला घेऊन भाषांतरकार शोधत बसण्यापेक्षा नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दोन भाषांतला नवा दाखला काढा. भाषांतराचा खर्चच वाचेल! तालुक्याच्या कोर्टाचा मराठीतला घटस्फोटाचा निकाल किंवा वारसाचा दाखला असे कागद असतील तेव्हा मात्र भाषांतर अटळ.

दाखल्यावर ‘अपोस्टिल’ हा शिक्का लागतो. म्हणजे सही-शिक्का खरा आहे असे सरकारने दिलेले प्रमाणपत्र. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. नेदरलँड्स आणि इस्रायल दोघेही त्यात आहेत. आपल्याकडे आधी राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल असा क्रम असतो. आधी अपोस्टिल, मग भाषांतर. उलट केलेत तर शिक्क्यावरचा मजकूर भाषांतरात येत नाही. शिवाय भाषांतर भारतात करून नेले तर त्या भाषांतरावरच्या सहीचेही साक्षांकन मागतात. म्हणून डच भाषांतर तिथल्याच शपथबद्धाकडून करून घेणे सोयीचे.

नावाचा घोळ

लग्नानंतर आपले आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते. जन्मदाखल्यावर जोशी, पासपोर्टावर कुलकर्णी. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही. डच दप्तरात मात्र बाई आयुष्यभर जन्माच्या आडनावानेच नोंदलेली असते. नवऱ्याचे आडनाव हाक मारण्यापुरते, पत्रव्यवहारापुरते वापरता येते. त्यामुळे तिथला कारकून दोन कागद शेजारी ठेवतो आणि विचारतो, “या दोघी कोण?”

भाषांतरकार नाव बदलून देऊ शकत नाही, आणि “जरा तेवढे जुळवून द्या ना” असे म्हणूही नये. कागदावर आहे तेच त्याने लिहायचे, हीच त्याची शपथ. दोन नावांना जोडणारा पुरावा आपण द्यायचा : विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव राजपत्रात बदलले असेल तर ते राजपत्र. मुलीचे लग्न ठरताच हे कागद काढून ठेवावेत. पाहुणे निघून गेले, मांडव उतरला, की मग कुणाला आठवण राहत नाही.

इस्रायलची रीत : लाल फीत आणि नोटरी

इस्रायलमध्ये शपथबद्ध भाषांतरकार ही पद्धत नाही. ते काम नोटरी करतो. तिथला नोटरी म्हणजे निदान दहा वर्षे वकिली केलेला माणूस. १९७६ च्या नोटरी कायद्याने त्याचे काम बांधलेले आहे आणि फी सरकारने ठरवलेली असते. त्यामुळे “तुमच्यासाठी म्हणून कमी करतो” असे कुणी म्हणाले तर कान टवकारा! नोटरीला दोन्ही भाषा येत असतील तर तो भाषांतर बरोबर असल्याचे स्वतः प्रमाणित करतो. येत नसतील तर भाषांतरकाराने त्याच्यासमोर प्रतिज्ञा करायची, आणि नोटरी त्या प्रतिज्ञेवर शिक्का मारतो. कागदाला लाल फीत आणि लाल मोहोर लागलेली दिसते. भाषांतरकार शोधायला ‘इस्रायल भाषांतरकार संघटने’ची सभासदांची यादी उपयोगी पडते.

मराठी आणि हिब्रू दोन्ही उत्तम येणारा नोटरी सहज मिळणार नाही. म्हणून इथेही इंग्रजी असलेला दाखला न्यावा हे बरे. ज्यू पद्धतीच्या विवाहाचा करारनामा, म्हणजे ‘केतुबा’, भाषांतराला द्यायचा असेल तर आणखी एक सावधगिरी घ्या. तो लिहिलेला असतो हिब्रू अक्षरांत, पण त्याची भाषा असते अरामी. “हिब्रू येते” एवढ्याने भागत नाही; “केतुबाचे भाषांतर पूर्वी केले आहे का?” हे विचारावे.

मराठी आणि हिब्रू यांची सोयरीक जुनी आहे, बरे का. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रूतले कितीतरी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची पोथी हिब्रू-मराठीत चित्रांसह छापली गेली. त्या चित्रांत सणाच्या भाकरी करणाऱ्या बायका आपल्यासारख्याच साड्या नेसलेल्या आहेत! डचांचीही वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला होती. तिथून गेलेल्या डच पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचाली नोंदलेल्या आहेत, आणि त्यांच्या भाषांतरांतूनच आपल्या इतिहासकारांना त्या वाचता आल्या.

इस्रायलला शुश्रूषेच्या कामाला जाणाऱ्या बहिणींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिथल्या परदेशी कामगारांच्या कायद्यानुसार मालकाने लेखी करार द्यायचा, तोही कामगाराला समजणाऱ्या भाषेत. “हिब्रूतच आहे, सही करा, सगळ्यांनी केली आहे,” असे एजंट म्हणाला तर सही करू नका. एजंटच भाषांतर करून सांगत असेल तर ते भाषांतर नव्हे, ती जाहिरात! तेल अवीवमध्ये ‘काव लाओव्हेद’ ही संस्था १९९१ पासून कामगारांना हक्कांविषयी सल्ला देते. तिचे नाव लिहून ठेवा.

नवरा, मुले आणि शेजारीण

आता जरा नाजूक विषय. परदेशात नव्याने गेलेल्या बाईचा दुभाषा बहुतेक वेळा तिचा नवराच असतो. त्याला भाषा येते, तो सोबत असतो, पैसे पडत नाहीत. बँकेत, शाळेत ठीक आहे. पण डॉक्टरांनी विचारले, “घरी काही त्रास आहे का?” आणि त्याचे उत्तर नवराच देणार असेल, तर त्या प्रश्नाला अर्थ काय राहिला? प्रत्येक नवरा वाईट असतो असे मुळीच नाही. पण अंगावरचे जाणे, मूल नको असणे, मनाची उदासी, मारहाण या गोष्टी सख्ख्या नवऱ्याच्या तोंडून दुसऱ्याला सांगाव्या लागणे ही कुचंबणाच आहे. समंजस नवऱ्यालाही ते जड जाते. तो नकळत थोडे गाळतो, थोडे सौम्य करतो.

मुलांना तर या कामात ओढूच नये. दहा वर्षांच्या मुलीला शाळेमुळे डच फाडफाड येते, म्हणून आईच्या गर्भाशयाच्या गाठीची बातमी तिनेच आईला सांगायची? शब्द येतील, पण ते ओझे त्या वयाचे नव्हे. शेजारीण प्रेमाने येईल, पण उद्या गणपतीच्या आरतीला जमलेल्या सगळ्यांना तुमचे दुखणे ठाऊक असेल.

अशा वेळी “मला बाहेरची दुभाषी हवी, आणि बाई हवी,” असे म्हणण्यात कसलाही आगाऊपणा नाही. अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे. फोनवरूनही दुभाषा मिळतो. अनोळखी आवाज असतो, त्यामुळे संकोचही कमी वाटतो. हॉलंडमध्ये दवाखान्यातल्या दुभाष्याचा खर्च पूर्वी सरकार करी. ते अनुदान २०१२ पासून बंद झाले. म्हणून पैसे दवाखाना देणार की आपण, हे आधी विचारून घ्या. फौजदारी प्रकरणात मात्र आरोपीला दुभाषा विनामूल्य मिळतो. युरोपीय संघाचा २०१० चा तसा नियमच आहे. इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयानेही २०११ मध्ये रुग्णालयांना रुग्णांच्या भाषेची सोय पाहण्याच्या सूचना दिल्या आहेत. पण सगळ्या भाषांची सोय सगळीकडे असेलच असे नाही. मागितल्याशिवाय तर मिळत नाहीच.

लेकीच्या बाळंतपणाला हॉलंडला निघालेल्या आईनेही हे वाचून ठेवावे. तिथे बाळंतिणीच्या घरी आठ-दहा दिवस प्रशिक्षित परिचारिका येते. या सेवेला ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. ती बाळाला कसे निजवायचे, अंगावर कसे पाजायचे हे सांगते. आपण शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू घेऊन उभ्या! मधल्या मधे बाळंतीण दोघींची दुभाषी होते, आणि तिला झोप मिळत नाही. त्यापेक्षा निघण्यापूर्वी लेकीबरोबर बसून वीस-पंचवीस वाक्ये लिहून काढा : ताप, दूध, टाके, रक्त, बाळाची शी, झोप. एका बाजूला मराठी, एका बाजूला डच. एवढी वही स्वयंपाकघरात टांगली की रोजचे काम निभते, आणि खरा दुभाषा खऱ्या गरजेला बोलावता येतो.

दुभाषी समोर असताना

चांगली दुभाषी “ती म्हणते की तिला दुखते” असे सांगत नाही. तुमच्या वतीने “मला दुखते” असेच सांगते. त्याने गोंधळून जाऊ नका. तुम्ही तिच्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे किंवा साहेबांकडे पाहून बोला. दोन-तीन वाक्ये झाली की थांबा. ‘जीव कासावीस होतो’, ‘पोटात कालवते’ यांचे सरळ भाषांतर होत नाही. कुठे, केव्हा, किती वेळ ते सांगा. तिने सल्ला देऊ नये, गाळू नये, भर घालू नये. तुम्ही चार वाक्ये बोललात आणि तिने एकच सांगितले, तर “सगळे सांगितलेत ना, ताई?” असे खुशाल विचारा. शेवटी औषध किती, कधी, पुन्हा कधी यायचे, हे आकड्यांसह परत म्हणून दाखवा आणि कागदावर लिहून घ्या.

कापून ठेवा

१. कागद ज्या कचेरीत द्यायचा तिलाच आधी विचारा : कोणत्या भाषेत, कुणी केलेले भाषांतर चालेल?
२. हॉलंडसाठी सरकारी नोंदवहीत नाव आणि भाषेची दिशा पडताळा. इस्रायलसाठी नोटरीचे प्रमाणन लागेल का ते विचारा.
३. याच प्रकारचे काम पूर्वी केले आहे का, हे विचारा. दवाखान्याची भाषा वेगळी, कोर्टाची वेगळी.
४. दर लेखी घ्या : शब्दावर की पानावर, तासावर की मिनिटावर, प्रवास आणि शिक्क्याचे पैसे धरून की वेगळे?
५. मूळ दाखला टपालाने पाठवू नका. स्पष्ट नक्कल पाठवा आणि मूळ कागद मागितला तरच स्वतः दाखवा.
६. नावे, तारखा, पासपोर्ट क्रमांक छापील रूपात देऊन ठेवा आणि भाषांतर हाती येताच हे आकडे स्वतः ताडून पाहा. भाषा न येणारीलाही आकडे वाचता येतात.
७. न समजलेल्या कागदावर सही नाही. घाई कुणाचीही असो.

आणि शेवटचे सांगणे लेकीबाळींना. दुभाषा मिळाला म्हणून भाषा शिकणे सोडू नका. हॉलंडमध्ये संध्याकाळचे भाषावर्ग असतात, इस्रायलमध्ये नव्या माणसांसाठी ‘उल्पान’ नावाच्या शाळा आहेत. पहिल्या महिन्यात निदान तीन वाक्ये पाठ करा : “मला समजले नाही”, “लिहून द्या”, आणि “मला दुभाषी हवी”. बाकीचे हळूहळू येईल. ही तीन येत असली की नव्या गावात कुणी तुमच्या वतीने परस्पर ‘हो’ म्हणून मोकळे होणार नाही.